स्वतःविरुद्धची साक्ष

विसरणे हा दोष मानावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. असत्य भाषण, विश्वासघात, परधनाचा अपहार यांची चर्चा तेथे विस्ताराने केलेली असते. विस्मरणाचा विषय मात्र बहुधा वैद्याकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे सोपविलेला असतो. जी गोष्ट मनुष्य बुद्धिपुरस्सर करीत नाही, तिची जबाबदारी त्याच्या माथी कशी मारावी, असा विचार यामागे असावा. आणि वरवर पाहता तो न्याय्यही आहे. परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे शंका येऊ लागते. उसने दिलेले पैसे मनुष्य सहसा विसरत नाही. उसने घेतलेले मात्र पुष्कळदा विसरतो. त्यात त्याने लबाडी केली असे म्हणवत नाही, कारण आठवण करून दिली असता तो ओशाळतो आणि पैसे परत करतो. तरीपण विस्मृती जर केवळ आंधळी असती, तर तिने दोन्ही रकमा सारख्याच गिळून टाकल्या असत्या. ती निवड करते, आणि तिची निवड बहुधा आपल्याच बाजूने पडते. ज्या न्यायाधीशाचा प्रत्येक निकाल एकाच पक्षाच्या लाभाचा असतो, त्याला आपण निव्वळ विसरभोळा म्हणत नाही.

स्मृतीच्या या पक्षपाताकडे ज्याने तरुणपणापासून लक्ष दिले आणि त्यावर एक अगदी साधा, जवळजवळ कारकुनी वाटावा असा इलाज योजिला, तो कोणी नीतिवेत्ता नव्हता. तो निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन होय. १८७६ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने आपल्या मुलाबाळांसाठी एक छोटेसे आत्मवृत्त लिहिले. त्यात आपल्या कामाच्या पद्धतीविषयी सांगताना तो म्हणतो की, पुष्कळ वर्षे आपण एक सुवर्णनियम पाळीत आलो. आपल्या सिद्धान्तास प्रतिकूल अशी एखादी छापील माहिती, नवे निरीक्षण किंवा नुसता विचार जरी समोर आला, तरी त्याचे टिपण तत्क्षणी आणि न चुकता करून ठेवावयाचे. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मृतीतून फार लवकर निसटतात, हे अनुभवाने कळले होते. या सवयीमुळेच आपल्या मतावर पुढे जे आक्षेप आले, त्यांपैकी फारच थोडे आपण आधी पाहिलेले नव्हते, असेही तो सांगतो.

हा नियम वाचताना प्रथम त्यातील विनय डोळ्यांत भरतो. पण त्यात विनयापेक्षा निराळे आणि अधिक कठोर असे काही आहे. 'मी प्रामाणिक आहे, म्हणून माझे मन मला फसविणार नाही,' असे डार्विन म्हणत नाही. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, मी प्रामाणिक असलो तरी माझे मन मला फसवील. म्हणून माझ्या प्रामाणिकपणाला मनाबाहेर, कागदावर, जागा करून दिली पाहिजे. सद्गुण हा अंतःकरणात वसतो अशी आपली सामान्य समजूत आहे. डार्विनने तो टाचणवहीत आणि कपाटाच्या खणात ठेवला.

त्याच्या वाचनाची रीत पाहिली म्हणजे हे विधान अलंकारिक नव्हे, हे ध्यानात येईल. १८४२ साली तो केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेला आणि १८८२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तेथेच राहिला. बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ या पाच वर्षांत जगप्रदक्षिणा केलेल्या या मनुष्याने पुढे ब्रिटनबाहेर पाऊल टाकले नाही. प्रकृती सदैव नादुरुस्त, कामाचे तास मोजके. त्यामुळे बरेचसे जग त्याच्याकडे पुस्तकांतून आणि टपालातून येई. पुस्तकांविषयी त्याला भाविकपणा असा मुळीच नव्हता. जड ग्रंथ हातात धरवत नसेल तर तो त्याचे खुशाल दोन तुकडे करी. स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाच्या शेवटी, आपल्या कामाच्या मजकुराची पृष्ठांकांसह सूची तो लिहून काढी. आणि तीस-चाळीस मोठ्या बासनांत विषयवार टिपणे घालून ठेवी. नवा विषय हाती घ्यावयाचा म्हणजे प्रथम ती बासने उघडावयाची. वाचलेल्या आणि वाचावयाच्या पुस्तकांच्या त्याच्या याद्या १८३८ पासूनच्या उपलब्ध आहेत. लोकसंख्येवरील माल्थसचा ग्रंथ त्याने त्याच वर्षी वाचला. आणि जीवनकलहात अनुकूल भेद टिकावेत व प्रतिकूल नष्ट व्हावेत, ही निसर्गनिवडीची कल्पना त्याला तेथे सुचली.

दोन्ही बाजू कागदावर मांडण्याची ही खोड त्याच्या खाजगी आयुष्यातही शिरली होती. त्याच १८३८ साली, लग्न करावे की करू नये, याचा विचार त्याने एका कागदावर दोन रकाने पाडून केला. लग्न केल्यास पुस्तकांना पैसा उरणार नाही, वेळ जाईल, आप्तांच्या भेटीगाठी घ्याव्या लागतील, असे एका बाजूस. तर म्हातारपणी सोबत होईल, आणि काही झाले तरी कुत्र्यापेक्षा ही सोबत बरी, असे दुसऱ्या बाजूस. निष्कर्ष लग्नाच्या बाजूने लागला, आणि तो भूमितीतील सिद्धतेच्या थाटात लिहिलेला आहे. १८३९ च्या जानेवारीत एमा वेजवुड हिच्याशी त्याचा विवाह झाला. वाचकांना या कागदाचे हसू येईल, आणि येऊ द्यावे; पण त्या रकान्यांकडे आपणांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

आपल्या शास्त्रपरंपरेशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना येथे पूर्वपक्षाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे, त्याचे समाधान करावे आणि मगच सिद्धान्त सांगावा, ही आपल्या भाष्यकारांची शिस्त आहे. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्याचे सहावे प्रकरण सर्वस्वी स्वतःच्या सिद्धान्तापुढील अडचणींना वाहिलेले आहे. आणि भूस्तरांतील अवशेषांचा पुरावा किती तुटपुंजा आहे, हे सांगण्यास पुढे आणखी एक प्रकरण खर्ची पडले आहे. नेत्रासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय हळूहळू घडले असेल ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते, हे त्याने विरोधकांच्या आधी स्वतःच नमूद केले.

तरी पूर्वपक्ष आणि प्रतिकूल टिपण यांत एक भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पूर्वपक्ष मांडला जातो तेव्हा सिद्धान्त ठरलेला असतो. तो कितीही सामर्थ्याने मांडला, तरी त्याचे भवितव्य पराभवाचे आहे हे लेखक आणि वाचक दोघेही जाणून असतात. पाहुण्याला सन्मानाने पाट मांडावा, पण त्याने सायंकाळी निघावे हे गृहीत धरलेले असावे, तसा हा प्रकार. टिपणाचे तसे नाही. ते करताना त्याचे उत्तर सापडेल की नाही, हे ठाऊक नसते. ते खणात पडून राहते, आणि पुन्हा पुन्हा हाताशी येते. पूर्वपक्ष हे वादातील सौजन्य होय. प्रतिकूल टिपण म्हणजे स्वतःविरुद्ध नोंदविलेली साक्ष होय.

आता येथे कोणी म्हणेल की, या शिस्तीचे फळ उघडच आहे. डार्विनचा सिद्धान्त टिकला, तेव्हा प्रामाणिकपणा हेच शेवटी शहाणपणाचे धोरण ठरले. असे म्हणणे गोड असले तरी खरे नाही. डार्विनच्या चरित्रातील जे प्रसंग या गोड समजुतीला बाध आणतात, तेच माझ्या मते अधिक विचार करण्यासारखे आहेत.

१८६७ साली फ्लीमिंग जेन्किन नावाच्या एका इंजिनियराने डार्विनच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. त्याचा मुख्य आक्षेप असा होता: आईबापांचे गुण संततीत मिसळून जात असतील, तर एखाद्या प्राण्यात अकस्मात उपजलेला हितकर भेद, घागरभर पाण्यात टाकलेल्या रंगाच्या थेंबाप्रमाणे, काही पिढ्यांतच फिका पडून नाहीसा होईल, मग निसर्गाने निवडावे काय? जवळजवळ त्याच सुमारास विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून तिचे वय सुमारे दहा कोटी वर्षे ठरविले. डार्विनच्या संथ उत्क्रांतीला हा काळ फारच अपुरा होता. त्याने स्वतः पहिल्या आवृत्तीत दक्षिण इंग्लंडातील वील्ड नावाच्या प्रदेशाची झीज होण्यासच तीस कोटी वर्षे लागली असावीत, असे अनुमान छापले होते. त्यावर टीका होताच १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ते काढूनही टाकले होते.

या दोन्ही आक्षेपांची डार्विनने उपेक्षा केली नाही. जेन्किनच्या लेखाने आपल्याला पुष्कळ त्रास दिला, पण इतर कोणत्याही परीक्षणापेक्षा त्याचा आपल्याला अधिक उपयोग झाला, असे त्याने आपला मित्र हुकर यास कळविले. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत त्याने आपले म्हणणे बदलले. आणि अवयवांच्या वापराने घडणारे फरक वारशाने पुढे जातात, या जुन्या मताला उत्तरोत्तर अधिक जागा दिली. आज आपणांस ठाऊक आहे की, दोन्ही टीकाकारांची गृहीतेच चुकीची होती. गुण रंगाप्रमाणे मिसळत नाहीत, हे मेंडेलने १८६६ सालीच छापून ठेवले होते. जगाने ते १९०० साली वाचले. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या घरात आहे. म्हणजे टीकाकारांचे ऐकून डार्विन जेथे जेथे मागे सरला, तेथे तेथे तो बहुधा सत्यापासून दूर गेला. एखादा हेकेखोर मनुष्य त्याच्या जागी असता तर अधिक बरोबर ठरला असता!

मग त्या सुवर्णनियमाचे मोल काय राहिले? माझे उत्तर असे की, ते यत्किंचितही कमी झाले नाही. उलट ते कशात आहे हे आता कळते. १८६९ साली डार्विनच्या हाती मेंडेलचा निबंध नव्हता आणि किरणोत्सर्गाचा शोधही लागलेला नव्हता. त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यापुढे मान तुकविणे एवढेच त्याच्या हाती होते. हेकेखोर मनुष्य बरोबर ठरला असता, पण तो योगायोगाने. आणि तोच हेका दुसऱ्या दहा प्रश्नांत त्याला खड्ड्यात घेऊन गेला असता. सत्य हे आपल्या सचोटीचे वेतन नव्हे. सचोटी आपल्या हाती असते, सत्य नेहमीच हाती असते असे नाही. ज्याला हा भेद पटला नाही, तो पहिल्या अपयशाबरोबर सचोटी टाकून देईल. कारण त्याने ती नफ्यासाठीच धरलेली असते.

परंतु या नियमाची एक दुसरी मर्यादा आहे, आणि ती डार्विनच्या अपयशापेक्षाही आपणांस अधिक जवळची आहे. प्रतिकूल गोष्ट टिपून ठेवावयाची म्हटले, तर ती प्रतिकूल आहे हे आधी ओळखता आले पाहिजे. आणि आपण ज्याला मत समजतो, त्याच्याविरुद्धचीच साक्ष आपणांस ओळखू येते. जे आपणांस मत वाटतच नाही, जे हवेप्रमाणे भोवती पसरलेले असते, त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा दारात येऊन उभा राहिला तरी तो साक्षीदार आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

१८७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात डार्विनने स्त्रीची बुद्धी पुरुषाहून कमी असल्याचे प्रतिपादन केले. पुरावा काय? तर काव्य, चित्रकला, संगीत, इतिहास, शास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत नाव मिळविलेल्या पुरुषांची एक यादी करावी आणि स्त्रियांची दुसरी. दोहोंची तुलनाच होणार नाही. पुन्हा दोन रकाने! पण या वेळी एक अडचण टिपावयाची राहून गेली: ज्या केम्ब्रिजात तो स्वतः शिकला, तेथे स्त्रियांना पूर्ण पदवी मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. शर्यतीत ज्याला उतरूच दिले नाही, त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत कोठून यावे? आणि याहून नवलाची गोष्ट अशी की, प्रतिकूल पुरावा त्याच्या स्वतःच्या टपालात येत होता. मँचेस्टरची लिडिया बेकर त्याला वनस्पतींचे नमुने आणि निरीक्षणे पाठवीत असे; तिच्या स्त्रीमंडळात वाचण्यासाठी त्याने आपला निबंधही पाठविला होता. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील मेरी ट्रीट हिच्या निरीक्षणांचा त्याने १८७५ च्या कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथात नामनिर्देशासह आदराने उपयोग केला. पण ज्या खणात त्याची प्रतिकूल टिपणे पडत, त्यात ही पत्रे गेली नाहीत. ती वनस्पतींच्या बासनात गेली.

१८८१ च्या डिसेंबरात कॅरोलाइन केनार्ड नावाच्या अमेरिकन बाईंनी त्याला पत्र लिहिले. स्त्रियांच्या एका सभेत कोणी त्याच्या ग्रंथाचा हवाला देऊन स्त्रीचे कनिष्ठत्व शास्त्रसिद्ध ठरविले होते. ग्रंथकाराचा आशय चुकीचा समजला गेला असेल तर त्याने तो स्पष्ट करावा, अशी त्यांची विनंती होती. डार्विनने जानेवारीत उत्तर दिले: स्त्रिया नीतीने सामान्यतः श्रेष्ठ असल्या तरी बुद्धीने कमी आहेत असे आपणांस वाटते; त्यांनी पुरुषांप्रमाणे नित्य द्रव्यार्जन केल्यास ही तूट भरून येईलही, पण मग मुलांचे शिक्षण आणि घराचे सुख यांची हानी होईल. बाईंनी त्याच महिन्यात उलट टपाली सुनावले की, स्त्रिया कामे करीतच आहेत. त्यांना पुरुषांसारखी परिस्थिती आणि संधी द्या, आणि मगच त्यांच्या बुद्धीविषयी निकाल द्या. परिस्थितीचा जीवावर होणारा परिणाम हा ज्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय, त्याला परिस्थितीची आठवण एका अपरिचित स्त्रीने करून द्यावी, यातले मर्म वेगळे सांगावयास नको. एप्रिलच्या १९ तारखेला डार्विन वारला.

या गोष्टीवरून डार्विनला कमी लेखावे असा माझा हेतू नाही. ज्याने स्वतःविरुद्ध साक्ष गोळा करण्याची शिस्त जन्मभर पाळली, त्याच्याही डोळ्यांपुढून ती साक्ष निघून गेली, तर ज्यांनी अशी शिस्त कधीच पाळली नाही त्या आपली काय कथा, एवढेच मला सुचवावयाचे आहे. आणि यातूनच त्याच्या पत्रव्यवहाराचे नैतिक महत्त्व कळते. त्याला आलेली आणि त्याने लिहिलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक पत्रे आज ज्ञात आहेत; केम्ब्रिजमधून १९८५ पासून त्यांचे तीस खंड प्रसिद्ध झाले. कबुतरे पाळणारे, माळी, पाद्री, कलकत्त्याचा एडवर्ड ब्लाइथ, मद्रासेचा वॉल्टर एलियट, कोणालाही प्रश्न विचारण्यास तो संकोचत नसे. स्वतःचे टिपण हा आरसा आहे, पण आरशात पाठ दिसत नाही. पाठ पाहण्यास दुसरा मनुष्यच लागतो, आणि त्याला बोलू द्यावे लागते.

अशा एका पत्राची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय संपविता येत नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एमाने आपल्या पतीला एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्यावाचून काहीही मानावयाचे नाही ही शास्त्राची सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध होऊच शकत नाहीत, त्यांतही त्याला नकाराकडे ओढीत नसेल ना, अशी तिची काळजी होती. श्रद्धेच्या या प्रश्नात ती दोघे कधीच एकमत झाली नाहीत. पण डार्विनने ते पत्र जपून ठेवले. आणि आपण कितीदा तरी त्याचे चुंबन घेऊन रडलो आहोत, हे आपल्या मृत्यूनंतर कळावे, अशा अर्थाच्या दोन ओळी त्यावर लिहून ठेवल्या. ज्या कागदावर पत्नी म्हणजे केवळ सोबत होती, तो कागद आणि हे पत्र यांत फार काळाचे अंतर नाही. पण त्या दोन रकान्यांत न मावणारे काहीतरी मधल्या काळात त्याच्या घरात आले होते. उत्तर देता येत नाही, पटतही नाही, आणि तरीही जे फाडवत नाही, ते प्रतिकूल टिपण सर्वांत मोलाचे.

डार्विनच्या मृत्यूनंतर १८८७ साली त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, चरित्र आणि पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा आत्मवृत्तातील धर्मविषयक काही कठोर वाक्ये कुटुंबीयांच्या भावना जपण्यासाठी गाळण्यात आली. नात नोरा बार्लो हिने १९५८ साली ती परत जागेवर बसविली. गाळणाऱ्यांचा हेतू प्रेमाचा होता, आणि प्रेमाइतकी सफाईने कात्री दुसरे कोणी चालवीत नाही. आपल्या घरांतूनही ती रोज चालत असते. वडील माणसांच्या चरित्रातून, कुळाच्या इतिहासातून, देशाच्या अभिमानातून, आणि सर्वांत अधिक स्वतःच्या आठवणीतून, अडचणीचा मजकूर हळूच नाहीसा होतो. कोणी खोटे बोलत नाही, फक्त कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून प्रारंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, विसरणे हा नेहमीच दोष नव्हे. पण आपले मन काय विसरते हे एकदा कळल्यानंतर हातात लेखणी न घेणे, हा दोष खास होय.